पुलापलीकडचं घड्याळ

अमेरिकेत, मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयच्या घरात, बेसमेंटमध्ये, एक रेल्वे स्टेशन होतं. जुन्या पिंगपाँग टेबलावर प्लायवूड टाकून बाबांनी ते उभारलं होतं, आणि ते होतं जपानमधलं. टोकियोच्या पश्चिमेला, ऑफिसला जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या एका लाईनवरचं साधं उपनगरी स्टेशन, कोणी मुद्दाम बघायला जावं असं त्यात काहीही नव्हतं. त्याला चांगलं ठसठशीत जपानी नाव होतं, पण आमच्या घरात ते कोणी घेत नसे. बाबा म्हणायचे 'आपलं स्टेशन', म्हणून मी आणि माझी धाकटी बहीण मिनी, आम्हीही तेच म्हणायचो. आई मात्र 'यांचं स्टेशन' म्हणायची. मला लिहायचंय ते एका मार्च महिन्यातल्या वीस-पंचवीस मिनिटांबद्दल, पण त्या स्टेशनात कुठे काय होतं हे आधी सांगितल्याशिवाय त्या मिनिटांचा काही अर्थ लागणार नाही.

लग्नाआधी बाबांना त्यांच्या पुण्याच्या कंपनीने तीन वर्षांसाठी जपानला पाठवलं होतं. स्टेशनसमोरच हरादा आजी म्हणून एका विधवा बाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. खोलीच्या खिडकीतून अख्खं स्टेशन दिसायचं, आणि भाषा न येणाऱ्या माणसाला संध्याकाळी दुसरं करण्यासारखं तरी काय असणार, बाबा ते स्टेशन बघत बसायचे. पुढे मिशिगनला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली, घर झालं, बेसमेंट मिळालं, आणि एका हिवाळ्यात त्यांनी चिमटा, गोंद आणि भिंग घेऊन ते स्टेशन आठवणीतून बांधायला घेतलं. वर स्वयंपाकघरात आईच्या कुकरच्या शिट्ट्या, बाजूला घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसची घरघर, आणि मधे बाबांचं व्याख्यान, अशा आमच्या शनिवार दुपारी जायच्या. मला कंटाळा यायचा हे खरं, पण आज बसून कोणी विचारलं तर मी ते व्याख्यान शब्दन्‌शब्द म्हणून दाखवीन.

"आधी इथे काहीसुद्धा नव्हतं," असं ते सुरू करायचे. "नुसत्या नाशपतीच्या बागा. गाव होतं दक्षिणेला, म्हणून प्लॅटफॉर्मही एकच, दक्षिणेला. शेतकरी टोपल्या घेऊन बसायचे." मग शहर वाढत आलं. बागा गेल्या, घरं आली, गाड्या वाढल्या आणि समोर उत्तरेला दुसरा प्लॅटफॉर्म झाला. मधे दोन रूळ. शहरातून येणारी गाडी दक्षिणेच्या प्लॅटफॉर्मला लागणार, शहराकडे जाणारी उत्तरेच्या. पुढे उत्तरेला चार-चार मजल्यांच्या इमारतींची वसाहत उभी राहिली, पण स्टेशनचं गेट आपलं दक्षिणेलाच. त्या वसाहतीतल्या लोकांना रोज सकाळी रेल्वेचं फाटक ओलांडून यावं लागे, आणि सकाळी गाड्या इतक्या की फाटक उघडतंय कधी! समोर गाडी येऊन उभी राहिलेली दिसतेय आणि आपण फाटकाच्या अलीकडे, असं लोकांचं व्हायचं. अखेर बरीच भांडणं झाल्यावर उत्तरेला एक छोटं गेट झालं आणि दोन्ही प्लॅटफॉर्म जोडणारा लोखंडी पूल झाला. बाबा तिथे राहत होते तेव्हाचं स्टेशन ते एवढंच. दोन प्लॅटफॉर्म, एक पूल, दक्षिणेला मोठं गेट, उत्तरेला छोटं, आणि उत्तरेच्या गेटाजवळ ते फाटक.

दक्षिणेच्या गेटाबाहेर, एका खांबावर, घड्याळ होतं. गावातल्या दुकानदारांनी मिळून बसवलेलं. तिथल्या पहिल्याच संध्याकाळी बाबा कारखान्यातून परत येताना वाट चुकले. घर समोर असून ओळखता येईना, कोणाला विचारायची सोय नाही, कडाक्याची थंडी. ते त्या घड्याळाखाली जाऊन उभे राहिले. दोन तासांनी हरादा आजी छत्री घेऊन शोधायला आल्या, त्यांचा कोट धरून त्यांना घरी घेऊन गेल्या आणि गरम सूप पाजलं. ही गोष्ट सांगताना बाबांचा आवाज बदलायचा. त्या दिवसापासून त्यांचा नियम झाला आणि आम्हा दोघींनाही तो पाठ करवला गेला: हरवलं तर फिरायचं नाही. घड्याळाखाली जाऊन उभं राहायचं. न्यायला कोणीतरी येणारच. आमच्या जवळच्या मॉलमध्ये शिरलं की बाबा आधी घड्याळ शोधायचे, मग दुकानं. मला मैत्रिणींसमोर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मिनी माझ्याहून सात वर्षांनी लहान. ती ट्रॉयचीच, मराठी सगळं समजायचं पण उत्तर इंग्लिशमध्ये. मी सात वर्षांची होऊन इकडे आलेली, आणि आईने स्वयंपाकघराच्या टेबलावर रोज शुद्धलेखन घालून माझं मराठी जिवंत ठेवलं, त्यामुळे मी निदान हे लिहू शकतेय. स्टेशन पुरं झाल्यावर बाबांचा त्यातला जीव निघाला. त्यांचं प्रत्येक बाबतीत असंच असायचं. आता त्यांना जुने कॅमेरे दुरुस्त करायचे होते. स्टेशन मिनीच्या वाट्याला आलं. नखाएवढी प्लॅस्टिकची माणसं होती, त्यांना घेऊन ती तासन्‌तास 'लॉस्ट गर्ल' खेळायची. लाल फ्रॉकवाली एक मुलगी गाडीतून उतरायची, हरवायची, आणि शेवटी घड्याळाखाली जाऊन उभी राहायची. मग बाबा म्हणून ठेवलेला टोपीवाला माणूस तिला न्यायला यायचा.

मी चौदा वर्षांची असताना, नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, आई-बाबा मिनीला घेऊन भाजी आणायला गेले होते. मी खाली टेबलाच्या कडेला बसून मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. टेबलावर बसायचं नाही हे शंभरदा सांगितलेलं होतं. हसता हसता मागे रेलले आणि कोपराखाली कट्‌ असा आवाज आला. घड्याळाचा खांब बुडातून निघाला होता आणि त्याच्याबरोबर पायाचा तुकडाही. परत त्या जागी तो काही केल्या उभा राहीना. उत्तरेच्या गेटाबाहेर बाबांनी दिव्यासाठी भोक पाडून ठेवलं होतं, दिवा लावायचा राहून गेलेला. मी घड्याळ त्या भोकात बसवलं, वर गोंदाचे दोन थेंब टाकले, आणि दक्षिणेच्या फुटक्या जागेवर हिरव्या स्पंजचं एक झुडूप चिकटवून मोकळी झाले. बाबांना दिसेल, ते शांतपणे 'पहिल्यापासून सांग' म्हणतील, या भीतीने मी आठवडाभर नीट जेवले नाही. बाबा ओरडत नसत. ते पहिल्यापासून सांगायला लावत, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. पण ते खाली यायचे ते स्क्रू-ड्रायव्हर न्यायला. त्यांना दिसलंच नाही.

मिनीला पहिल्याच दिवशी दिसलं. "ताई, व्हाय डिड द क्लॉक मूव्ह?"

"बाबांनी हलवलं," मी म्हणाले. "आता तिकडेच असतं ते."

एवढं तिला पुरलं. त्यानंतर लाल फ्रॉकवाली मुलगी गाडीतून उतरली की पुलाच्या पायऱ्या चढायची, पलीकडे उतरायची आणि उत्तरेच्या गेटाबाहेर, फाटकापाशी, घड्याळाखाली उभी राहायची. मी हे रोज बघत होते. चार महिने. एक खेळण्यातलं घड्याळ, त्याने काय बिघडणार होतं?

मार्चमध्ये नागपूरहून फोन आला. आईचे बाबा, म्हणजे आमचे आजोबा, आजारी होते आणि आईला बोलावत होते. आईने मिनीला घेऊन जायचं ठरलं. माझी शाळा होती, म्हणून मी आणि बाबा मागे. घाईत मिळालेलं तिकीट टोकियोवरून होतं, तिथे एक रात्र मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुढचं विमान. झालं, बाबांच्या अंगात आलं.

"अख्खा दिवस आहे हातात," ते म्हणाले. "हरादा आजींना भेटून ये. लाडू ने."

"अहो, माझे बाबा तिकडे आजारी आहेत आणि मी तुमच्या घरमालकिणीकडे चहाला जाऊ?"

"विमान संध्याकाळचंय. तू एअरपोर्टवर बसून विमान लवकर सुटणार आहे का? म्हातारीने मला त्या दिवशी घरी नेलं नसतं तर..."

"तर तुम्ही घड्याळाखाली गारठला असतात, माहितीये मला, हजारदा ऐकलंय."

पण आईने बेसनाचे लाडू केले. आमच्या घरात भांडणाचा निकाल असाच लागायचा. तोंडाने नाही म्हणत आई कढई गॅसवर ठेवायची. बाबांनी ग्राफ पेपरवर नकाशा काढला. शहरातून गाडी येईल, दक्षिणेच्या प्लॅटफॉर्मवर उतराल, गाडीच्या पुढच्या टोकाकडे चालत जा, समोर गेट, गेटाबाहेर घड्याळ, घड्याळासमोर आजींचं घर. बाणबिण काढून. हरादा आजी दर नवीन वर्षाला कार्ड पाठवायच्या, त्यातल्या एका कार्डावर स्टेशनाचा फोटो होता, रुळांवर आडवी पसरलेली मोठी काचेची इमारत. आईने तो दाखवला. "हे दुसरंच कुठलं तरी स्टेशन आहे," बाबा म्हणाले आणि कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. कार्डावरचं जपानी त्यांना वाचता येत नव्हतं, हे त्यांनी कबूल केलं नसतं.

त्या संध्याकाळी बाबांनी खिचडी टाकली होती. बाहेर घाण झालेला बर्फ, दुपारभर वितळून आता पुन्हा गोठत असलेला. आमच्याकडे सात वाजले की तिकडे सकाळ, म्हणून बाबा फोनजवळच घुटमळत होते. आईने एअरपोर्टवरून भाड्याने मोबाईल घेतला होता आणि पोचल्यावर स्टेशनवरून फोन करायचं ठरलं होतं. फोन वाजला तेव्हा बाबांनी हौसेने स्पीकर लावला, मलाही स्टेशनचे आवाज ऐकू यावेत म्हणून.

"अहो, मिनी दिसत नाहीये."

"दिसत नाहीये म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाहीये! तुमचा नकाशा उघडायला मी तिचा हात सोडला. मिनिटभरसुद्धा झालं नसेल. इथे तुम्ही म्हणता तिथे गेटच नाहीये. नुसती भिंत आहे."

"भिंत कशी असेल? पुढच्या टोकाला गेलीस ना?"

"गेले."

"मग मागच्या टोकाला गेली असशील."

"मला पुढचं-मागचं कळतं हो!" आईचा आवाज फाटला. "गेट वर आहे. जिना चढून, वर. सगळे लोक वरून येतायत. इतकी माणसं आहेत, मला काही दिसत नाहीये. मिनी! ए मिनी!"

मी ताटं घेऊन उभी होते. फोनमधून बुटांचा आवाज येत होता, शेकडो बुटांचा, आणि त्यावर कुणा बाईचा गोड आवाजातला जपानी निरोप. बाबांचा चेहरा मी बघत होते. काय झालंय ते त्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. वीस वर्षांत त्यांचं स्टेशन पाडून रुळांवर नवीन बांधलं होतं. गेट वर गेलं होतं, कार्डावरची काचेची इमारत हेच आपलं स्टेशन होतं. ते एकदा डोळे मिटून उभे राहिले. मग अगदी शांत, समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, घाबरू नकोस. मिनीला नियम माहितीये. ती घड्याळाखाली जाईल. स्टेशन बदललं तरी दक्षिणेची बाजू दक्षिणेलाच आहे. वर जा, गेटातून बाहेर पड, दक्षिणेला उतर. ती तिथेच असणार."

मिनी दक्षिणेला नव्हती. मिनी कुठे गेली असेल ते मला माहीत होतं.

मी लगेच बोलले असं लिहायला मला आवडलं असतं. नाही बोलले. मला वाटलं, खऱ्या स्टेशनात गेल्यावर खेळ कोण लक्षात ठेवतं. मला वाटलं, आई उतरेल आणि मिनी समोरच असेल, मग कशाला सांगायचं. आणि खरं सांगायचं तर मला बाबांची भीती वाटत होती. बहीण हरवलेली असताना मला 'पहिल्यापासून सांग' या दोन शब्दांची भीती वाटत होती. आज चाळिशी उलटल्यावर त्या मुलीचा मला राग येतो, तिची दयाही येते, पण राग जास्त.

आई धापा टाकत होती. "उतरले. इथे बसेस आहेत. बँक आहे. सायकली ठेवल्यायत. घड्याळ नाहीये."

"असेल. नीट बघ."

"नाहीये! अहो, नाहीये घड्याळ!"

"मग जिथे घड्याळ होतं तिथे उभी असेल. बँकेच्या मागे बघ. मिनीचा लाल कोट आहे ना?"

मग आईने स्टेशनच्या माणसाला गाठलं आणि त्याच्या हातात फोन दिला. बाबांनी आपलं वीस वर्षांचं गंजलेलं जपानी बाहेर काढलं. ट्रॉयच्या स्वयंपाकघरात, बर्म्युडा घालून, ते फोनला कमरेत वाकून नमस्कार करत होते. मधे मधे 'मिनामी, मिनामी' म्हणत होते. मिनामी म्हणजे दक्षिण, ते मला त्यांनीच शिकवलं होतं. तो माणूस 'हाय, हाय', म्हणजे 'हो, हो', करत होता. थोड्या वेळाने तिकडे कर्ण्यावर काहीतरी पुकारलं गेलं, त्यात 'इंदो', म्हणजे भारत, एवढा एक शब्द मला कळला. मिनीला तोही कळला नसता. बाबांनी ठामपणे सांगितल्यामुळे आता स्टेशनातली माणसंही दक्षिणेला शोधत होती.

खिचडीचा करपट वास यायला लागला. कोणी गॅस बंद केला नाही.

"दहा मिनिटं झाली," आई म्हणाली. ती आता ओरडत नव्हती, आणि ते जास्त भयंकर होतं. "कोणी नेलं असेल का हो तिला? गाडीत चढली असेल का? समोरची गाडी शहरात जाते ना?"

"नाही. ती चढणार नाही."

आणि तेवढ्यात फोनमधून घंटा ऐकू आली. टण्‌ टण्‌ टण्‌ टण्‌, एका सुरात, न थांबता. मी ती कधी ऐकलेली नव्हती, पण कसली आहे ते मला कळलं.

"ते काय वाजतंय?" आईने विचारलं.

"फाटक," बाबा म्हणाले. "म्हणजे फाटक अजून आहे. ते पलीकडे, उत्तरेला. तिकडे ती नाही जाणार."

मी ताटं खाली ठेवली आणि धावत बेसमेंटमध्ये गेले. का गेले मला माहीत नाही. घड्याळ तिथेच असणार हे माहीत होतंच, तरी एकदा बघायचं होतं, जणू कोणीतरी ते परत हलवलं असेल. दिवा लावला. लाल फ्रॉकवाली मुलगी उत्तरेच्या गेटाबाहेर उभी होती, रुळांपासून दोन बोटांवर. मिनीने नागपूरला जायच्या आधी तिला तिथे ठेवलं होतं. मी वर धावत आले आणि जिन्यातूनच ओरडले, "बाबा, ती उत्तरेला आहे! मिनी उत्तरेला आहे!"

बाबांनी फोनवर हात ठेवला. "काय?"

"घड्याळ. मी मोडलं. थँक्सगिव्हिंगला. मग मी ते पलीकडे चिकटवलं, पुलाच्या पलीकडे. मिनीला वाटतं तेच खरंय. ती रोज तसंच खेळते. ती पूल ओलांडून फाटकापाशी जाणार, बाबा. प्लीज."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, तीन-चार सेकंद असतील. मी वाट बघत होते त्या दोन शब्दांची. त्यांनी फोनवरचा हात काढला आणि म्हणाले, "ऐक. माझी चूक झाली. मी मॉडेलमध्ये घड्याळ उत्तरेला बसवलं होतं. माझ्या डोक्यातून गेलं. वर चढ, सरळ पलीकडे जा, उत्तरेला उतर, फाटकापाशी. पळ."

"तुमची... अहो, तुम्ही काय माणूस आहात!" आई म्हणाली आणि पळत सुटली.

त्यानंतरचं आम्ही नुसतं ऐकलं. फोन तिच्या हातात चालू होता. पायऱ्यांवर तिचे बूट. कुणाला तरी लागलेला धक्का, 'सॉरी, सॉरी'. पिशवीत लाडवांचा डबा खडखडत होता. घंटा जवळ येत गेली, इतकी जवळ की आमच्या स्वयंपाकघरातच वाजल्यासारखी, आणि मग गाडी धडधडत गेली आणि बाकी सगळे आवाज तिच्याखाली गेले. बाबांनी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली होती. मी त्यांना हात लावायची हिंमत केली नाही. गाडी काही केल्या संपेना. संपली, घंटा थांबली, आणि आईचा आवाज नाही, बूट नाहीत, काही नाही.

मग मिनी बोलली, वैतागून. "आई, यू टुक सो लाँग."

बाबा तिथेच, स्वयंपाकघरात, जमिनीवर बसले. आई रडत होती आणि मिनीला मारत होती की कुरवाळत होती ते आवाजावरून कळत नव्हतं. नंतर आईने सांगितलं की मिनी फाटकाच्या कठड्याला पाठ लावून, एका विजेच्या खांबाखाली, सरळ उभी होती. वर घड्याळबिड्याळ काही नव्हतं. आई नकाशा उघडून गोंधळून उभी राहिलेली बघून मिनीला वाटलं की आई हरवली. हरवलेलं माणूस घड्याळाखाली जातं. म्हणून ती जिना चढून, पूल समजून ती काचेची इमारत पार करून, गेटातून माणसांच्या मधून निसटून पलीकडे उतरली, आणि आई येईपर्यंत जागची हलली नाही. एका भल्या गृहस्थाने तिला काहीतरी विचारलं तर तिने त्याला 'आय ॲम वेटिंग फॉर माय मॉम, शी इज लॉस्ट' असं सांगितलं. हरादा आजींची भेट झालीच नाही. आई मिनीला घेऊन तडक परत फिरली, लाडू नागपूरला गेले आणि आजोबांनी त्यातला एक खाल्ला.

त्या संध्याकाळी बाबांनी मला काही विचारलं नाही. पातेलं सिंकमध्ये ठेवून पाणी सोडलं आणि आम्ही ब्रेडला लोणचं लावून खाल्लं. खाताना ते एवढंच म्हणाले, "आईला आत्ता यातलं काही सांगू नकोस. तिच्या डोक्याला आधीच पुष्कळ आहे. आल्यावर बघू." दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा घड्याळ दक्षिणेला होतं. पायाला त्यांनी नवीन तुकडा लावला होता आणि झुडूप काढून टाकलं होतं.

आल्यावर काही बघितलं गेलं नाही. आई आली ती वडिलांचं सगळं करून आली, घर महिनाभर गप्प होतं, आणि मग वेळ निघून गेली. बाबांनी तो विषय माझ्याकडे सोपवला होता हे मला फार उशिरा कळलं. आईने मात्र ते स्टेशन त्यांना कधी विसरू दिलं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला, कुणाच्या मुंजीत, पॉटलकला, कुणीही रस्ता विचारला की आई सुरू: "यांना नका विचारू हं! स्वतःच्या स्टेशनात उत्तर कुठे आणि दक्षिण कुठे ते यांना माहीत नाही, पोरगी घालवली होती माझी!" लोक हसायचे. काका लोक 'काय साहेब, घड्याळ कुठे बसवलंत?' म्हणून टाळ्या द्यायचे. बाबाही हसायचे. पहिली काही वर्षं ते हसता हसता माझ्याकडे बघायचे. मी पाणी आणायला उठायचे. नंतर त्यांनी बघणं सोडून दिलं. पुढे गाडीत रस्ता सांगणारं यंत्र आलं तेव्हा आई म्हणाली, "चला, आता माझा जीव सुरक्षित," आणि बाबा म्हणाले, "हो ना." ज्या माणसाला आपण दिशा चुकत नाही याचा सर्वात जास्त अभिमान होता, त्याच्याबद्दल आमच्या सगळ्या गोतावळ्याला एकच गोष्ट ठाऊक होती, आणि ती खोटी होती.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आई माझ्याकडे असते. डोळे अधू झालेत, म्हणून मी लिहिलेलं प्रत्येक पान तिला दुपारच्या चहाला वाचून दाखवते. ती शुद्धलेखन तपासल्यासारखं ऐकते आणि मधे मधे दुरुस्त्या सुचवते, लाडू बेसनाचे होते, रव्याचे नव्हते वगैरे. हेही वाचलं.

मी थांबले तेव्हा म्हणाली, "म्हणजे ते तेव्हा खोटं बोलले."

"हो."

"आणि मी त्यांना चारचौघांत बोलत राहिले. शेवटपर्यंत. हॉस्पिटलमध्येसुद्धा त्या नर्सला सांगितलं मी, आठवतंय? तीही हसली."

"आई..."

"ते असताना सांगितलं असतंस तर मी निदान एकदा तरी त्यांना सॉरी म्हटलं असतं गं."

चहा तसाच ठेवून ती आपल्या खोलीत गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि मीही तिची समजूत काढायला गेले नाही.